पाहुण्यांपुरता कॅमेरा

जरा कपाटाजवळ या. आणखी जवळ. दार पत्र्याचं आहे, आवाज बाहेर नीट पोचत नाही. हां, आता ठीक. मी कॅमेरा बोलतोय. लग्नातला नव्हे हो, बातम्यांचा. खांद्यावर घ्यायचा असतो ना, तसला. वर्ध्यातल्या एका कॉलेजात टेलिव्हिजन आणि डिजिटल पत्रकारितेचं एम.ए. शिकवतात. त्या विभागाच्या स्टुडिओत हे कपाट आहे आणि कपाटात मी आहे. एका बाजूला वक्तृत्व स्पर्धेची जुनी ढाल, दुसऱ्या बाजूला डांबरगोळ्या. त्या गोळ्यांच्या वासानं माझं डोकं उठतं, पण सांगू कोणाला?

जन्म माझा समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझी काच बसवली आणि तपासायला म्हणून समोर एक पिवळं फूल धरलं. किती बरं वाटलं होतं मला! वाटलं, आता आयुष्यभर असंच पाहत राहायचं.

तिथून नागपूरच्या दुकानात आणि नागपूरहून इथे आलो. माझं स्वागत मात्र थाटात झालं बरं का. नारळ फुटला, वर्ध्याची ती तुपाची बिस्किटं, गोरसपाक, वाटली गेली. विभागाचे लॅब असिस्टंट हरिभाऊ, त्यांनी मला हळदकुंकू लावलं. भाव चांगला होता माणसाचा, पण चिमूट जरा मोठी झाली आणि कुंकू माझ्या झूमच्या कडीत शिरलं. ते अजून तिथंच आहे. मग सगळ्यांनी माझ्यासोबत फोटो काढला आणि कोणीतरी म्हणालं, "नीट ठेवा बरं का, महागाची वस्तू आहे." त्या एका वाक्यानं माझा घात केला.

नीट ठेवायचं म्हणजे काय, तर कपाटात ठेवायचं. किल्ली हरिभाऊंच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. मी पुष्कळ वर्षं त्या माणसावर चिडून होतो. पुढे कळलं की दुसऱ्या एका विभागात प्रोजेक्टर फुटला होता, तर तिथल्या माणसाचे निवृत्तीचे कागद त्यापायी अडकून पडले. माझ्या अंगावरच्या चिठ्ठीवर हरिभाऊंचं नाव होतं. मला ओरखडा गेला तर जाब त्यांनाच. म्हणजे मी आत अडकलो आणि ते बाहेर अडकले, एवढाच काय तो आमच्यातला फरक.

आता तुम्ही म्हणाल, मग पोरं शिकतात कशी? ऐका तर. विभागप्रमुख शरयू मॅडम फळ्यावर माझं चित्र काढतात. सुरेख काढतात, खोटं कशाला बोलू. ही काच, ही झूमची कडी, हा रेकॉर्डिंग सुरू झालं की लागणारा लाल दिवा. फक्त खडू पांढरा असल्यामुळे लाल दिवाही पांढराच असतो. परीक्षेत 'कॅमेऱ्याचे भाग सांगा' हा प्रश्न हमखास येतो आणि पोरं धडाधड सांगतात. बातम्या वाचायचा सराव असला की अंकुश नावाचा पोरगा बुटाचं खोकं खांद्यावर धरून उभा राहायचा, म्हणजे वाचणाऱ्याला कळायचं, बघायचं कुठे. खोक्याला काळा कागद चिकटवलेला आहे आणि पुढे चहाचा कागदी कप. मी दाराच्या फटीतून ते पाहायचो. सख्खा मी आत कोंडलेला आणि माझ्या जागी तो बुटाचा डबा!

वरून नियम असा की शेवटच्या सत्राच्या प्रकल्पात व्यावसायिक कॅमेऱ्यानं घेतलेलं चित्रण हवंच. कोणाच्या, ते विचारू नका. पोरं लग्नाच्या शूटिंगवाल्यांच्या पाया पडतात.

यात आली आचल. हिंगणीची. वडिलांचं तिथं किराणा दुकान, ही इथं सिंदी मेघेत खोली करून राहायची. बोलायला थेट. पहिल्याच महिन्यात हरिभाऊंसमोर येऊन उभी.

"भाऊ, कॅमेरा दाखवा ना."

"मॅडमची सही आण."

"मॅडम म्हणते हरिभाऊले विचार."

"अन् हरिभाऊ म्हणते मॅडमले विचार. झालं? जाय आता."

ती गेली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. असं दोन वर्षं चाललं. हरिभाऊ हरले नाहीत आणि तीही हरली नाही. मी मात्र तिच्या चपलांचा आवाज ओळखायला लागलो.

शेवटच्या वर्षी तिच्या जिवाला घोर लागला. नागपूरच्या एका वाहिनीत नवीन बातमीदार घेणार होते. तिथली पद्धत अशी की हातात कॅमेरा देतात आणि म्हणतात, समोरच्या चौकात जा, बातमी घेऊन ये. मागे कॅमेरामन नसतो, सगळं आपणच करायचं. आचल अंकुशला सांगत होती, कपाटाला टेकूनच. "बाबा म्हणते, नागपूरले लागली तं लागली, नाई तं दुकानात बस, आम्ही स्थळं पाहतो. अन् मी तिथं जाऊन काय सांगू? दोन वर्षं कॅमेऱ्याचं चित्र काढून राह्यली होती म्हणून?"

अंकुश खोक्यावरचा सुटलेला काळा कागद चिकटवत राहिला. 

आणि मग कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती यायची ठरली. कपाट उघडलं! आहाहा, काय तो उजेड. हरिभाऊंनी मला मऊ फडक्यानं पुसलं, वायर लावून मला चार्ज केलं, डांबरगोळ्या झटकल्या. स्टुडिओला रंग लागला, बुटाचं खोकं माळ्यावर गेलं. शरयू मॅडमनी पोरांना बसवून उत्तरं पाठ करून घेतली. मग आचलला बाजूला घेतलं.

"तू नीट बोलतेस. त्यांनी विचारलं तर सांग, आम्ही दर आठवड्याला हा कॅमेरा वापरतो. एवढं निभावून ने, प्रकल्पासाठी चार दिवस कॅमेरा तुझ्याकडे. माझा शब्द."

मॅडम वाईट नव्हत्या हो. समितीचा शेरा वाईट पडला तर विभागच बंद होईल या भीतीनं त्यांची झोप उडाली होती. आचलनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हो म्हणाली.

समिती आली. मी ट्रायपॉडवर, मागे अंकुश, समोर माईक घेऊन आचल. अंकुशनं मला आयुष्यात पहिल्यांदा हात लावला होता. घाबरून त्यानं दिसेल ते बटण दाबलं आणि माझा लाल दिवा लागला. खरा लाल. अंकुशच्या ध्यानात आलं नाही, मॅडमच्याही नाही. आचलच्या मात्र आलं. ती त्या दिव्याकडे बघतच राहिली.

समितीतले एक वयस्कर गृहस्थ पुढे झाले. गोड माणूस. म्हणाले, "काय बाळा, हा कॅमेरा तुम्ही स्वतः चालवता का?"

आचलनं माझ्या डोळ्यात डोळा घातला. मॅडमनी शिकवलं होतं ना, नजर काचेवरून हलवायची नाही म्हणून. आणि म्हणाली, "हो सर, दर आठवड्याला. या कॅमेऱ्यानं आम्हाला बघायला शिकवलं." किती छान बोलली पोरगी! मला रडू फुटलं असतं. तिच्या मागे हरिभाऊ उभे होते, हो हो म्हणून मान डोलावत.

पाहुणे खूश होऊन गेले. आवराआवर करताना हरिभाऊ म्हणाले, "पोरी, बॅटरी काढून दे बरं, मले त्यातलं समजत नाई." तिनं चुकीचं झाकण उघडलं आणि माझं मेमरी कार्ड तिच्या तळहातावर आलं. तिनं क्षणभर ते पाहिलं, मूठ मिटली. मी सगळं पाहिलं आणि गप्प बसलो.

चार दिवसांचं काय झालं? काय व्हायचं! मॅडम म्हणाल्या, "अजून समितीचा निकाल आला नाही गं. पुन्हा येऊन बघितलं तर? थोडं थांब." मॅडमची नजर जमिनीवर होती. दार लागलं आणि माझ्या डोळ्यापुढे पुन्हा अंधार. यावेळी जास्त लागला मनाला, कारण आता उजेडाची चव लागली होती.

प्रकल्प दाखवायचा दिवस आला. याच स्टुडिओत, कपाटासमोर. नागपूरहून परीक्षक बाई आल्या होत्या. फटीवर पडदा आला होता, म्हणून मला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. आधी त्या गोड गृहस्थांचा प्रश्न. मग आचलचं उत्तर. आणि त्यावर आचलचाच दुसरा आवाज, अगदी सपाट. "हे बोलणारी मी आहे. हे खोटं आहे. या कॅमेऱ्यानं आजवर एवढंच टिपलंय." पुढचं सगळं, तिच्या बोलण्यावरून कळलं, तिनं फोनवर घेतलं होतं. बुटाचं खोकं, फळ्यावरचं चित्र, माझ्या दाराचं कुलूप.

 संपल्यावर मॅडमचा आवाज आला. "फोनवरचं चित्रण चालत नाही, आचल. व्यावसायिक कॅमेरा हवा, हा नियम आहे."

परीक्षक बाई म्हणाल्या, "मग आहे की. सुरुवातीचं चित्रण त्याचंच ना?"

आचल पास झाली. पण हिशेब तिथं मिटत नाही ना! दुसऱ्याच दिवशी चौकशी सुरू झाली, कार्ड बाहेर गेलं कसं. हरिभाऊंची निवृत्ती तोंडावर आलेली. ते स्टुडिओत खुर्चीवर बसून होते, पंखासुद्धा लावला नव्हता. आचल आली आणि कार्ड त्यांच्या हातात ठेवलं.

"भाऊ, मी लेखी दिलं मॅडमले. मीच नेलं, तुम्हाले माहीत नव्हतं म्हणून."

"माह्या निवृत्तीच्या तोंडावर काऊन केलं असं, पोरी?"

"चुकलं माहं. पण दुसरं काय करू, सांगा ना."

हरिभाऊंनी कार्ड बोटांत फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "तुह्या पिच्चरमध्ये मी पण दिसलो. मागं उभा. मान डोलावून राह्यलो होतो." असं म्हणून त्यांनी गळ्यातला दोरा काढला आणि माझं कुलूप उघडलं. "ये इकडे. दार लोटून घे. बयजवार धर, सांभाळून, हात हलू देजो नको."

तिनं कार्ड आणि बॅटरी परत माझ्यात बसवली आणि मला उचललं. खांद्यावर. माणसाच्या खांद्याची ऊब काय असते, ते मला तेव्हा कळलं. तिनं आधी नुसतं बघून घेतलं, खिडकीबाहेरचा कडुनिंब, सायकल स्टँड. झूमची कडी फिरवली, तर ती कुरकुरली आणि जुनं कुंकू तिच्या बोटाला लागलं. पहिल्यांदा चित्र हाललं, मग स्थिर झालं. शेवटी तिनं मला हरिभाऊंकडे वळवलं आणि बटण दाबलं. ते ताठ उभे, जसे आधार कार्डाच्या फोटोला उभे राहतात तसे.

"लागला का लाल दिवा?"

"लागला भाऊ. बोला काहीतरी."

"काय बोलू? कॅमेरा चांगला आहे म्हणा," एवढंच ते म्हणाले. बाहेर पावलं वाजली. तिनं मला घाईनं परत ठेवलं.

पुढं हरिभाऊंचा निरोप समारंभ झाला. कागद अडकले नाहीत, आचलच्या लेखी कबुलीनं ते सुटले. जाताना त्यांनी माझ्या दारावर बोटानं टकटक केलं. "लागली रे पोरगी नागपूरले. कडी फिरवतानी हात नाई हालला म्हणते." मग किल्ली नव्या माणसाच्या हातात गेली. त्यानं येताच एक काम केलं. दाराला दुसरं कुलूप लावलं.

आता मी दोन कुलपांत आहे. बॅटरी फुगत चालली आहे, ते मला आतून जाणवतं. माझ्या कार्डात दोनच तुकडे आहेत, एक आचलचं खोटं आणि एक हरिभाऊंचं खरं. अंधारात मी तेच आलटून पालटून आठवतो.

तुम्ही या वर्षीचे नवीन विद्यार्थी दिसता. किल्ली मागा. नाही मिळाली तर पुन्हा मागा. मला पाडा, ओरखडे काढा, माझी काही तक्रार नाही. आणि पाहुणे आले, गोड आवाजात विचारलं, हा कॅमेरा वापरता का, तर माझ्याकडे बघून खरं काय ते सांगा. लाल दिवा लागलेला असो की नसो.