पुस्तकात नसलेला प्लग

मित्रांनो, या खिडकीत खिळ्यांच्या डब्याला टेकून उभा असलेला जुना स्पार्क प्लग म्हणजे मी. तुमच्या करंगळीहून थोडा उंच, अंगाला पांढरी चिनीमाती, खाली लोखंडी आटे आणि टोकाशी नखाच्या जाडीएवढी फट. त्या फटीतून मी आयुष्यभर वीज पाडली. गाडी वेगात असली की सेकंदाला पंचवीस वेळा! मलाच अजून नवल वाटतं.

दुकानात मी सगळ्यात खालच्या खणात होतो. साधा, स्वस्त. वरच्या काचेत महागडे प्लग चमकत. माझ्याकडे कोण वाकून बघणार?

एक दिवस एक ताई आली. तिच्या बाबांकडे परदेशातून आणवलेली जुनी गाडी होती. बाबांनी हौसेने तिला टर्बो बसवला होता, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. पण हल्ली ती चढावर मिसिंग करायची, धक्के खात बंद पडायची. महागडे प्लग दोनदा घातले, दोन्हीदा जळाले. "आता जमलं नाही तर भंगारात देऊन टाकू," असं बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत.

हे सगळं सांगून ताईने रुमालातून जळका प्लग काढला. टोक पांढरंफटक, फोड आलेलं.

"ताप सोसत नाहीये याला," दुकानदारकाका म्हणाले. "ताप सोसायच्या कुठल्या आकड्याचा घालता?"

"गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच. बाबा पुस्तकाबाहेर जात नाहीत."

काका हसायलाच लागले. "अगं, पुस्तक ज्या गाडीचं, ती गाडी बाबांनी तशी ठेवलीय कुठे? टर्बो आला की आतली आग वाढते. ताप चटकन बाहेर टाकणारा प्लग हवा. हा घे. स्वस्तातला आहे, पण पोटात तांबं आहे. झिजतो मात्र लवकर. बघत राहावं लागेल."

घरी बाबांनी मला तळहातावर घेऊन नाक मुरडलं. "हा? माझ्या गाडीला हा?"

"बाबा, टर्बो कुणी बसवला?"

"मी."

"मग पुस्तकाला ते कुणी कळवलं?"

बाबा खुदकन हसले. त्यांचे हात आताशा थरथरतात, म्हणून फट मोजायची पाती त्यांनी ताईच्या हाती दिली. "थोडी कमीच ठेव, टर्बोच्या हवेने ठिणगी विझायला नको. वाऱ्यात काडी पेटवताना आपण आडोसा धरतो ना, तसं."

मी आणि माझे तीन भाऊ आत गेलो. काळोख, पेट्रोलचा वास, आणि मग माझी पहिली वीज! केवढा तो उजेड! एवढीशी ठिणगी, आणि तिच्यावर अख्खी गाडी धावत होती.

ताई गाडी चालवत होती. चढ आला. टर्बोची शीळ घुमली. बाबांनी डोळे घट्ट मिटले. एकही धक्का नाही. माथ्यावर पोचल्यावर ते मागे वळून चढाकडे बघत राहिले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं. खाली उतरून परत एकदा वर येऊ या का?"

पुढे ताई ठरल्या वेळी आम्हाला बाहेर काढून आमची तोंडं न्याहाळायची. फिकट तपकिरी दिसली की तिच्या जिवात जीव यायचा. माझं टोक झिजलं, तेव्हा माझ्या जागी माझ्याच आकड्याचा नवा प्लग आला, आणि ताईने मला घरच्या या खिडकीत ठेवलं.

मित्रांनो, आम्ही बोलत नाही, पण आतलं सगळं आमच्या तोंडावर दिसतं. अधूनमधून बघत जा.

गाडीचं पुस्तक इथेच माझ्या शेजारी असतं. त्यातल्या छापील आकड्यावर रेघ मारली आहे, आणि खाली पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात, माझा आकडा आहे.