काटकोन सरांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. ज्या माणसाच्या वर्गात मी राहिले, त्याचाच हात माझ्या घावाने मोडला. घाव घालणारा दुसराच होता. पण त्याच्या मुठीत माझी पाठ होती, हे मी कशी विसरू?

सुताराने मला एका कॉलेजसाठी बनवले. मी डुगडुगते का, हे पाहायला त्याने माझ्यावर बसून चक्क उड्या मारल्या. मग गणिताच्या वर्गात, फळ्याशेजारच्या चौथऱ्यावर माझी रवानगी झाली. तिथले सर नुकतेच नोकरीला लागले होते. शिडशिडीत आणि खांबासारखे ताठ. मुलांनी त्यांचे नाव ठेवले 'काटकोन'. सर शिंकतात तेही नव्वद अंशांत, असे मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटले. फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या सरांचे खांदे तेव्हा हसून गदगदत होते, हे फक्त मला दिसले.

सर माझ्यावर क्वचितच बसत. गणित अडलेल्या मुलाला ते माझ्यावर बसवत आणि स्वतः उभे राहून समजावत. माझ्यावर बसून कितीतरी कपाळांवरच्या आठ्या सुटल्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

पण ते कॉलेज शांत नव्हते. निवडणूक आली की मुलांच्या दप्तरांतून सायकलच्या साखळ्या निघत. एका वर्षी ग्रंथालय पेटवले. एका वर्षी दगड लागून शिपायाचा डोळा गेला. चौकशी होई, आणि 'कुणी पाहिले नाही' असे लिहून मिटे.

सरांच्या वर्गात एक उंच मुलगा होता. सगळे त्याला लंब्या म्हणत. त्या वर्षी त्याने विद्यार्थी संघाच्या जुन्या सेक्रेटरीला निवडणुकीत हरवले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तास चालू असतानाच दाराची कडी उखडली. सेक्रेटरी आत आला. मागे लोखंडी गज घेतलेले त्याचे साथीदार होते.

"लंब्याला बाहेर पाठवा, सर. तुमच्याशी आमचं भांडण नाही."

सरांनी खडू खाली ठेवला. "तास संपेपर्यंत कुणी बाहेर जाणार नाही. तुला बसायचं असेल तर मागे जागा आहे."

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसले. ते हसू सेक्रेटरीला झोंबले. त्याच्या हातात काही नव्हते, आणि मी जवळ होते. त्याने मला पाठीला धरून उचलले आणि लंब्यावर धावला. सर मध्ये आले. कडकन दोन आवाज झाले. एक सरांच्या हाडाचा, दुसरा माझ्या पायाचा. सर खाली पडले, तरी त्याने मला पुन्हा उगारले. दुसरा घाव सरांच्या कानावर बसला. माझ्या बैठकीवर रक्त उडाले. बाकांवर गज आदळत होते, मुली किंचाळत होत्या. मग मला तिथेच टाकून ते सारे पळाले.

पुरावा म्हणून मला पोलीस चौकीत नेले. काही दिवसांनी हात गळ्यात बांधून सर तिथे आले. सेक्रेटरीचे वडील म्हणजे बडी असामी. सहकाऱ्यांनी सरांना परोपरीने सांगितले होते, हात मोडला तेवढ्यावर निभावले, आता गप्प राहा. सर कागदासमोर थबकले. तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, नाव सांगा. आज गप्प बसलात, तर उद्या तो दुसऱ्या कुणाला मारील."

सरांनी नाव सांगितले. सेक्रेटरी तुरुंगात गेला. आठवडाभरात कुणीतरी सरांची स्कूटर जाळली.

लोखंडी पट्टी ठोकून मीही वर्गात परतले. सरांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता. ते डाव्या हाताने लिहू लागले. फळ्यावर बटाटा उमटे आणि ते म्हणत, "हे वर्तुळ आहे, असं समजा."

पुढच्या वर्षी सेक्रेटरीचा धाकटा भाऊ त्याच कॉलेजात आला. तो कुणाच्या अध्यातमध्यात नसे. एके दुपारी सरांनी वर्गाच्या खिडकीतून पाहिले. फाटकापाशी त्या मुलाला पाडून काहीजण तुडवत होते, आणि एकजण गजाने त्याचा गुडघा ठेचत होता. तो लंब्या होता. सर ओरडले, जिना उतरून धावले. पोहोचेपर्यंत त्या मुलाचा पाय कायमचा गेला होता.

दुसऱ्या दिवशी लंब्या रिकाम्या वर्गात आला. "सर, तुमच्या हाताचा बदला घेतला."

सरांनी उजवा हात वर उचलायचा प्रयत्न केला. तो खांद्याशीच अडला. "बघ, बरा झाला का?" मग ते म्हणाले, "मी तुझं नाव सांगणार आहे."

लंब्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मग मला वाचवलंत कशाला?"

सरांनी डाव्या हाताने त्याच्यासाठी दार उघडले. तो गेल्यावर मात्र ते माझ्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

त्यांनी नाव सांगितले. आता दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यावर थुंकू लागले. मुलांनी वर्गावर बहिष्कार टाकला. सर रिकाम्या बाकांना शिकवत राहिले. एके सकाळी एक मुलगी आली, पहिल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "सर, कालचं पुन्हा सांगाल?" नंतर दोघे आले, नंतर चौघे. वर्ग भरायला वर्ष गेले.

निवृत्तीच्या समारंभात सगळे गोड बोलले. त्या दोन वर्षांचे नाव कुणी काढले नाही. भेट काय हवी विचारल्यावर सरांनी मला मागितले. आता मी त्यांच्या घरी खिडकीजवळ असते. परवा सरांनी हे सारे नातीला सांगितले.

"आजोबा, लंब्या पुन्हा भेटला?"

"नाही."

"तुम्हाला त्याचा राग होता?"

"छे गं. माझा लाडका होता तो," सर म्हणाले.

मित्रांनो, माणसाचे डोके भडकले की हाताशी जे येईल ते तो उचलतो, आणि बरेचदा ती खुर्चीच असते. आम्हाला नकार देता येत नाही. म्हणून एकच विनवणी आहे. राग आला, तर आम्हाला उचलू नका. आमच्यावर बसा.