चव न घेता घातलेलं मीठ

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पांढरी, ओठाचा कपचा उडालेली. एके काळी रोज साठ माणसांच्या जेवणाची चव माझ्या पोटात असायची. माझी गोष्ट ऐकायची असेल तर ऐका, पण गोड काही मिळेल या आशेवर राहू नका.

भट्टीतून निघाल्यावर एका खाणावळीच्या मालकिणीने मला टिचकी मारून पारखलं आणि घरी आणलं. तिला सगळे आईच म्हणायचे, गिऱ्हाइकंसुद्धा. आईने माझ्यात खडेमीठ भरलं आणि लांब दांड्याचं एक लाकडी माप ठेवलं. रश्श्याच्या मोठ्या पातेल्याला तीन मापं, हा हिशेब ठरलेला. बारीक मीठ बाहेर टेबलांवर असायचं, चुलीपाशी त्याला मज्जाव होता. कारण साधं आहे. खड्यांच्या मधे फटी राहतात, बारीक मीठ गच्च बसतं आणि त्याच मापात कितीतरी जास्त मावतं.

त्या घराची एक रीत होती. रांधणाऱ्या बाईने चव घ्यायची नाही. "चाखून चाखून मीठ घालायला आचारीण कशाला हवी? मांजरसुद्धा घालेल," असं आई म्हणायची.

आईच्या सुनेचा हात पहिल्याच वर्षी बसला. अकरा वर्षांत तिचं एकही पातेलं बिघडलं नाही. ती मला रोज पुसायची, झाकण कोरडं करायची. नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. तिचं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात एकच होतं, ती चूल. गिऱ्हाइकं तिचं कौतुक करायची आणि आई ते निमूट ऐकून घ्यायची.

मग आईची लेक सासर सोडून कायमची परत आली. येण्यात काही वावगं नव्हतं. पण तिला भांडी घासायची नव्हती, भाजी चिरायची नव्हती. तिला चूल हवी होती.

एका सकाळी ती एकटीच आत आली. माझ्यातलं खडेमीठ तिने पिशवीत ओतलं, बारीक मिठाच्या चार पुड्या माझ्यात रिकाम्या केल्या आणि झाकण लावून मला थोपटलं. बरणीला तोंड असतं, पण त्याचा उपयोग काय?

दुपारी सूनबाईने माप आत घातलं. एरवी खडे करकरायचे. आज आवाजच आला नाही. तिचा हात थांबला. वाफेत काही दिसेना, म्हणून ती माझ्यावर वाकू लागली. दारात आई उभी होती.

"काय गं, अकरा वर्षांनी तीन मोजता येईनात होय?"

बाहेर लोक ताटं वाजवत होते. सूनबाईने तीन मापं ओतली.

पहिला घास थुंकला तो रोज जेवायला येणाऱ्या शिंप्याने. मग एकेकाने ताट सारलं. आईने आरडाओरडा केला नाही. तिने सुनेला मधल्या टेबलावर बसवलं, तिच्यापुढे भरलेलं ताट ठेवलं आणि म्हणाली, "संपव."

पहिल्याच घासाला सुनेला सगळं कळलं.

"आई, हे बारीक मीठ आहे. बरणीत कुणी भरलं ते तरी विचारा."

"मीठ कुठलं का असेना, हात तुझा होता. संपव म्हटलं ना."

साठ माणसांसमोर तिने ते ताट संपवलं. कुणीतरी हसलंसुद्धा. नंतर मोरीवर जाऊन ती भडभडा ओकली. पुढे तिचे दिवस त्या मोरीवरच गेले, कारण दुसऱ्या दिवसापासून चूल लेकीकडे गेली आणि खरकटी भांडी तिच्याकडे.

आईला ठाऊक नव्हतं असं समजू नका. त्याच दिवशी कचऱ्याच्या डब्यात तिला चार रिकाम्या पुड्या दिसल्या. तिने त्या सालींखाली दाबल्या आणि हात धुतले. मला मात्र अपशकुनी म्हणून मागच्या अंगणात टाकलं. ओठाचा कपचा उडाला तो तेव्हा.

लेकीच्या हातचं लोकांनी दोन वर्षं सोसलं, मग खाणावळ बंद पडली. लेक निघून गेली. आईची उजवी बाजू लुळी पडली तेव्हा ती बघायलाही आली नाही. उरली सून. तिने मला अंगणातून उचलून आणलं, घासलं, काठोकाठ खडेमीठ भरलं आणि आईच्या पलंगासमोर खिडकीत ठेवलं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. जाता जाता म्हणाले, "चिमूटभर चालेल." सुनेने ते ऐकलं. मीही ऐकलं.

सूनबाई रोज दुपारी आईला अळणी भात भरवते. तोंड पुसते, कूस बदलून देते, चादर वेळेवर धुते. सेवेत खोट काढायला जागा नाही. आई डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवते. जीभ जड झाली आहे, तरी एवढं म्हणते, "एक खडा दे गं."

"चव बघायची नसते, आई. आपल्या घरची रीत आहे," सूनबाई म्हणते आणि पुढचा घास पुढे करते.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. बरणीत काय आहे ते हात घालून बघत जा, आणि रांधणाऱ्या बाईला चव घेऊ द्या. माझं म्हणाल तर माझी निगा आता उत्तम आहे. सूनबाई मला रोज पुसते, झाकण कोरडं करते. माझ्यातला एकही खडा अजून कमी झालेला नाही.