चिठ्ठी निघेपर्यंत

लोखंड नाही, किल्ली नाही, तरी मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. एका रुग्णालयाच्या रक्तपेढीचा कारभार ज्या प्रोग्रामवर चालतो, त्यात मी राहतो. तिथे एकाच वेळी अनेक कामे धावतात. त्यांना धागे म्हणतात. साठ्याच्या यादीला हात लावायचा, तर धाग्याने मला धरायचे, काम उरकायचे आणि सोडायचे. तोवर बाकीच्यांनी थांबायचे.

माझा जन्म एका चुकीतून झाला. रक्ताची एकच पिशवी दोन धाग्यांनी एकाच क्षणी दोन रुग्णांच्या नावे लिहिली होती. दुधाने तोंड पोळल्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्या बाई ताकही फुंकून पिऊ लागल्या. पिशवी शोधणे, नावावर लिहिणे, इतकेच काय, चिठ्ठी छापणेही त्यांनी माझ्या आत कोंडले. नुसती यादी पाहायची, तरी मलाच धरावे लागे. पुन्हा तशी चूक झाली नाही. सगळ्यांनी माझे कौतुक केले आणि मी फुगलो. दाराशी रांग वाढत होती, तो मला माझा मान वाटे. आज ते आठवले की लाज वाटते.

मग ती दुपार आली. प्रसूतीनंतर एका बाईचा रक्तस्राव थांबेना. परिचारिकेने संगणकावर पिशवी मागितली. नेमका तेव्हाच दुसऱ्याच एका विभागातल्या प्रिंटरमधला कागद संपला होता. तिथला धागा मला घट्ट धरून चिठ्ठी निघायची वाट पाहत होता. परिचारिकेच्या मागणीचा धागा बाहेर खोळंबला. पिशवी फ्रीजमध्ये तयार होती, पण पडद्यावर नुसते चक्र फिरत होते.

"अगं, रक्त कुठंय?" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"पडदाच हलत नाहीये, बाई! मीच खाली जाते," म्हणत परिचारिका तीन मजले धावत उतरली. रक्तपेढीतल्या काकांनी वहीत नोंद करून पिशवी तिच्या हातात दिली. यात नऊ मिनिटे गेली. बाळंतीण वाचली, पण शुद्धीवर येऊन तिने आपले बाळ पाहिले ते अकराव्या दिवशी. ते अकरा दिवस माझ्या माथी आहेत.

"कुलूप बरोबरच होतं. मीच त्याच्या आत नको ते कोंडलं," प्रोग्राम लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. छपाई माझ्याबाहेर गेली. प्रत्येक रक्तगटाला वेगळे छोटे कुलूप मिळाले. नुसते पाहणाऱ्यांना आता एकमेकांसाठी थांबावे लागत नाही. मी एकाच गटापुरता उरलो, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत मला सोडतात.

मित्रांनो, एकाच वस्तूवर दोघांचे हात पडतील तिथे कुलूप हवेच. पण ते धरून कशाची वाट पाहत बसू नका. बाहेर कोण ताटकळते आहे, हे कुलपाला दिसत नाही.

आता माझ्या दाराशी रांग नसते. पिशवी मागितली की लगेच मिळते. तरी ती परिचारिका पडद्याकडे बघायला थांबत नाही. मागणी टाकते आणि थेट जिना उतरू लागते.