घंटीवरची चिंधी

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही सायकलवर आहात. मार्च महिना आहे, सकाळची शाळा सुरू झाली आहे आणि सूर्य अजून डोंगराच्या पलीकडेच आहे. घाट चढून तुम्ही खिंडीत आलात आणि आता उताराला लागलात. पायडल मारायची गरज नाही. दोन्ही बाजूंना पानं गळलेला साग, मधेच फुललेला एखादा पळस, आणि हवेत मोहाच्या फुलांचा गोड, थोडा आंबूस वास. चेन वाजत नाही, मडगार्ड वाजत नाही. आता डोळे उघडा, कारण पुढच्या सायकलवरच्या मुलीनं हात वर केला आहे.

मागच्या सायकलवरच्या वीरण्णानं ब्रेक दाबला आणि एक पाय जमिनीवर टेकला.

"मामा," दीपमाला ओठांतल्या ओठांत म्हणाली, "हलू नका. मोहाखाली बघा."

वीरण्णानं पाहिलं. डाव्या अंगाला, शंभरेक पावलांवर, झाडांच्या धुरकट गर्दीत काहीतरी काळं, बुटकं, गोल असं होतं.

"दिसलं का?"

"हाव, दिसलं."

"अस्वल हाय ना?"

"अस्वलच की."

"पाठीवर पिल्लू हाय, मामा. केसाला कसं धरून बसलंय बघा."

वीरण्णाला पिल्लू दिसेना. त्यानं डोळे बारीक केले, मान तिरकी केली, एक डोळा झाकून पाहिलं. काळं ते काळंच राहिलं. "हाव," तो म्हणाला, "बसलंय की."

थोड्या वेळानं दीपमालानं श्वास सोडला. "गेलं. नाल्यात उतरलं."

इथं वीरण्णाचा गोंधळ उडाला. कारण जे गेलं असं ती म्हणत होती, ते त्याच्यासमोर जागच्या जागी होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, परत तिकडे पाहिलं. मग तो सायकलवर बसला. इस्लापूरची शाळा येईपर्यंत दोघंही गप्प होती. दीपमाला आनंदानं गप्प होती. वीरण्णा कशानं गप्प होता, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

वीरण्णा मूळचा कर्नाटकाच्या सीमेवरच्या देवणीकडचा. हापसे दुरुस्त करायला म्हणून तिशीत या डोंगरात आला आणि मोहदरीच्या वस्तीवरच राहिला. आता त्याचं वय बासष्ट. या दरीतल्या वस्त्यांवर हापसा बंद पडला, की वीरण्णा सायकलला अवजारांची पेटी बांधून निघायचा. पहिल्या वर्षी पेटीतले पाने असे खडखडायचे, की तो वळणावर पोचण्याआधीच जंगल रिकामं व्हायचं. एकदा पेटी इस्लापुरातच ठेवून तो परत आला, तर वाटेच्या मधोमध एक भेकर उभं. कान हलवत त्याच्याकडे बघत राहिलं आणि मग चालत, पळत नव्हे, चालत निघून गेलं.

त्या दिवसापासून वीरण्णानं आवाज करणं सोडलं. बायकोचं, मल्लम्माचं, जुनं हिरवं लुगडं त्यानं मागून घेतलं, त्याचे तुकडे केले आणि एकेक पाना त्यात गुंडाळला. हापशाला लावायचं ग्रीस चेनीला लावलं. मडगार्डाखाली रबर बसवलं. घंटीवर चिंधी बांधली. तीस वर्षांत त्यानं या वाटेवर रोही म्हणजे नीलगाई पाहिल्या, सायाळ पाहिली, एकदा तर पाणी पिणारं तरस पाहिलं. मल्लम्मा होती तोवर रोज जेवताना विचारायची, "आज कोण भेटलं?" ती गेली, आणि पुढची काही वर्षं ते विचारणारं कुणी राहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी वस्तीवरच्या श्रीमंतची पोरगी दीपमाला आठवीत गेली आणि तिला शाळेतून सायकल मिळाली. पहिल्याच दिवशी ती घाटात भेटली, तेव्हा तिची नवी सायकल बैलगाडीसारखी करकरत होती. "अव्वा," वीरण्णा म्हणाला, देवणीकडं पोरींना लाडानं म्हणतात तसं, "ह्या आवाजानं तुला जंगलात मुंगीसुदीक दिसायची न्हाई." त्यानं तिथंच चेनीला ग्रीस भरलं, लुगड्याची एक चिंधी फाडून तिच्या घंटीवर आवळली. वाऱ्याची दिशा कशी बघायची, बोट न दाखवता डोळ्यांनी कसं दाखवायचं, हे सगळं त्यानं तिला शिकवलं. तेव्हापासून दोघं रोज सकाळी सोबतच निघायची. दोन वर्षांत ती त्याच्या पुढे गेली. म्हणजे खरंच पुढे. आधी तो पुढे असायचा, आता ती. का, ते त्यानं तिला सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी वीरण्णा देवळामागच्या हापशाची साखळी बसवत होता, तर श्रीमंत आला. श्रीमंत म्हणजे दीपमालाचा बाप. कमी बोलणारा, पण बोलला की तडकाफडकी.

"मामा, पोरगी म्हणून राहिली, अस्वल बघितलं. पिल्लासकट."

वीरण्णानं साखळीतून हात काढला नाही.

"ह्या दरीत पंधरा वर्षांत अस्वल कुणी बघितलं न्हाई," श्रीमंत म्हणाला. "तिकडं पैनगंगेच्या अंगाला हायत, मान्य. पण पोरीचं काय खरं धरायचं? तिची आई म्हणती, अस्वल हाय तर शाळा बंद. नववीचा पेपर तोंडावर आलाय. म्हणून म्हणलं, तुम्हालाच विचारावं. तुम्ही बघितलं म्हणलाव, तर बघितलं. न्हाई म्हणलाव, तर न्हाई."

वीरण्णाच्या डोक्यात सगळं एकदम फिरलं. 'बघितलं' म्हणावं, तर त्यानं ते बघितलेलं नाही, आणि शिवाय पोरीची शाळा बंद. 'नाही' म्हणावं, तर पोर खोटी ठरते, आणि उद्या त्याच वाटेनं, त्याच शांतपणे ती जाणार. मग खरोखरच अस्वल असलं तर? पण होतं का? एक गेलं म्हणे, एक जागीच होतं. दोन होती की काय? की तिलाच भास झाला? की आपल्याला?

"जाऊन बघू," तो म्हणाला.

उन्हं उतरताना तिघं घाटात गेली; श्रीमंत पायी, हातात काठी घेऊन, वीरण्णा आणि दीपमाला सायकली ढकलत. जागा आली तसा वीरण्णा थांबला. डाव्या अंगाला ते काळं, बुटकं, गोल तसंच होतं. श्रीमंत दहा पावलं पुढे गेला आणि हसायलाच लागला.

"मामा, खोड हाय हे. फुलं येचायसाठी कुणीतरी मोहाखालचा पाला पेटवलाय, त्यात जळालंय. अस्वल म्हणे. आणि पिल्लू कुठंय? पिल्लू पेटवायचं राहिलं वाटतं."

"ते न्हाई, बाबा," दीपमाला म्हणाली. "त्याच्या पलीकडं होतं. त्या दुसऱ्या मोहाखाली. मामांनी पण बघितलंय. मामा, सांगा की."

वीरण्णा खोडाकडेच बघत राहिला.

"मामा, तुम्हीच म्हणलाव, दिसलं म्हणून. पिल्लू बसलंय म्हणलाव."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त काही कळत नव्हतं. दोन वर्षांत मामा तिच्याशी एकदाही खोटं बोललेले नव्हते.

वीरण्णानं सायकल झाडाला टेकवली आणि तो दुसऱ्या मोहाकडे चालत गेला. तिथं गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात जमिनीवर ठेवले. हापशाच्या नळीत, जिथं डोळा पोचत नाही तिथं, आटे कुठं झिजलेत हे तीस वर्षं त्याच्या बोटांनी पाहिलं होतं. तो वीत वीत सरकत गेला. मोहाची फुलं चेंदलेली. मग धूळ. मग धुळीत एक रुंद, खोल खड्डा, आणि त्याच्या पुढे, बोटभर अंतर सोडून, ओळीनं पाच चरे.

"श्रीमंत, हितं बघ. ही नखं. आणि हा मागचा पाय, माणसाच्या पावलावाणी. बाजूला लहान हाय का काही?"

श्रीमंत वाकला. त्याचं हसू गेलं होतं. "हाय," तो म्हणाला. "लहान पण हाय. इतकं टपोरं हाय मामा, तुम्ही चाचपडून काहून बघून राहिलाव?"

वीरण्णानं गळ्यातल्या इष्टलिंगावरून एकदा हात फिरवला.

"मी खोडच बघितलं सकाळी," तो म्हणाला. "मला काय दिसना, श्रीमंत. दीड वर्ष झालं. जवळचं दिसतंय, लांबचं समदं धुक्यात हाय. अस्वल पोरीनं बघितलं. मी नुसतं हाव हाव केलं."

नाल्यात कुठंतरी मोर ओरडला.

"म्हणजे," श्रीमंत सावकाश म्हणाला, "मामा संगं हायत म्हणून मी पोरगी ह्या वाटेनं धाडत होतो. दीड वर्ष."

"हाव."

"मग कोण कुणाच्या संगं होतं?"

दीपमाला खाली बघत पायाच्या अंगठ्यानं फुलं उकरत होती. मग तिनंच विचारलं, "मामा, ते आपल्यावर आलं असतं का?"

आता हे मात्र वीरण्णाला ठाऊक होतं, आणि ते सांगताना त्याला जड गेलं. "अव्वा, अस्वल खायला लागलं की त्याला दुसरं काय कळत न्हाई. डोळ्यानं कमी, कानानं बी बेताचं. आपण गुमान जवळ गेलो की ते दचकतं, आणि दचकलं की अंगावर येतं. पिल्लू असलं की जास्तच. त्याला लांबून कळलं तर आपणहून जातं. आवाज पायजे. मोठा आवाज." तो थांबला. "मी तुला उलटं शिकवलं. भेकरासाठी बराबर होतं, अस्वलासाठी न्हाई."

"मग आता?" श्रीमंतनं विचारलं.

"उजाडल्याबिगर निघायचं न्हाई, शाळेला उशीर झाला तर होऊ दे. आणि खिंडीपासून खालपर्यंत वाजवत जायचं. घंटी, डबा, काय असंल ते. वनखात्याच्या माणसाला मी सांगतो."

"वाजवत गेलं की काहीच दिसायचं न्हाई मग," दीपमाला म्हणाली.

"काहीच न्हाई," वीरण्णा म्हणाला.

श्रीमंतनं काठी खांद्यावर टाकली. "बघू सकाळी," एवढंच म्हणून तो वस्तीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी वीरण्णा खिंडीत येऊन थांबला. दीपमाला येईल की नाही, त्याला काहीच सांगता येत नव्हतं. यावं असं वाटत होतं, आणि येऊ नये असंही. सूर्य वर आला. मग चढाच्या बाजूनं काहीतरी खडखडत येऊ लागलं, जणू कुणी भांड्यांची गाडीच ढकलत आणतंय. आधी आवाज आला आणि नंतर कितीतरी वेळानं, त्याच्या धुक्यातून, दीपमाला आली. कॅरिअरला खडे भरलेला डबा बांधला होता. घंटीवरची चिंधी सोडलेली होती. ती हिरवी चिंधी तिनं मनगटाला गुंडाळली होती. मागे बऱ्याच अंतरावर श्रीमंत काठी टेकत चढत होता.

वीरण्णानं आपली पेटी उघडली. एकेक करून पाने लुगड्यातून बाहेर काढले, पेटीत मोकळे टाकले आणि लुगड्याचे तुकडे घडी करून खिशात ठेवले.

"चला," दीपमाला म्हणाली. "मी म्होरं. तुम्ही माझ्या डब्याच्या आवाजावर या. पयल्या वळणाला उजवीकडं खड्डा हाय."

दोन्ही सायकली खडखडत उताराला लागल्या. दोन्ही बाजूंनी पाचोळा सळसळला, काहीतरी दूर पळालं, आणखी काहीतरी उडालं. वीरण्णाला काहीच दिसलं नाही. त्यानं फक्त हँडल घट्ट धरलं होतं.

तेवढ्यात पुढून, घंटीच्या आणि डब्याच्या वरताण, दीपमालानं मान न वळवता मोठ्यानं ओरडून सांगायला सुरुवात केली.

"मामा, डाव्या हाताला रोही. दोन. नुसत्या शेपट्याच दिसल्या. गेले."

तिनं घंटी वाजवली.

"उजवीकडं मोर. उडाला. लांडोर मागं राहिलीय."

परत घंटी वाजवली.

"मोहाखाली काय न्हाई, मामा. खोड हाय. नुसतं खोड."