रिकामी फेरी

श्रीगोंद्याच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात छगनअण्णांनी एकतीस हंगाम काढले, सगळे मिल हाऊसमध्ये, फिटर म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांचा सकाळचा चहा कारखान्याच्या भोंग्यावरच व्हायचा. हलणारं कुठलंही यंत्र अण्णा आधी कानांनी बघायचे आणि मग डोळ्यांनी. पिठाच्या गिरणीत गेले तर दळणाचा डबा खाली ठेवून पट्ट्याचा आवाज ऐकत उभे राहायचे, आणि कुणी विचारलेलं नसताना गिरणीवाल्याला सांगायचे की तुझं बेअरिंग चाललंय.

त्यामुळे खोपोलीकडच्या त्या मोठ्या अम्युझमेंट पार्कला जायचं घरात शिजायला लागलं, तेव्हा सगळ्यांना एकच धास्ती होती. अण्णांना सांगायचं कुणी?

बेत होता सुनेचा, मोनिकाचा. तिचा नवरा ज्ञानेश्वर त्याच कारखान्याच्या शेतकी खात्यात होता. दिवाळीत लोक सहलीला निघत तेव्हा याची ऊसतोड सुरू झालेली असे. लग्नाला बारा वर्षं झाली, पण हे घर एकत्र असं बाहेर पडलं ते फक्त दुसऱ्यांच्या कार्याला. यंदा पट्टा लवकर पडला, म्हणजे हंगाम आटोपला; मार्चच्या मध्यालाच ऊस ओढणारी गव्हाण थंड झाली. मोनिकानं त्याच आठवड्यात जाहीर केलं की या सुट्टीत कुणाचं लग्न नाही, कुणाचं जावळ नाही, आपण आपल्यासाठी जायचं.

बेत कागदावर उतरवला त्यांच्या लेकीनं, संस्कृतीनं. ती अकरा वर्षांची, सहावीत. ड्रॉइंगचा मोठा कागद तिनं लोखंडी कपाटाला चिकटवला. पहिल्या दिवशी हडपसरला मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी दरवाजा उघडायच्या आत पार्कसमोर हजर. मग आत गेल्यावर काय आधी, काय जेवणानंतर. सगळ्यात वर, लाल स्केचपेननं तिनं एक वेडंवाकडं वेटोळं काढलं होतं. ते रोलर कोस्टर. आजीच्या नावापुढं ‘लाटांचं पाणी’ असं लिहून कंसात ‘साडी चालत नाही’ अशी सूचना होती. ती वाचून दाखवल्यावर आजी छबूबाई तांदूळ निवडत शांतपणे म्हणाल्या, मोनिकाचा पंजाबी ड्रेस मला होईल का बघा. घरातल्या कुणीही त्यांना आजवर नऊवारीशिवाय पाहिलं नव्हतं.

अण्णांनी मात्र त्या लाल वेटोळ्यावर बोट ठेवलं.

“ह्यात पोरगी बसनार न्हाई,” ते म्हणाले. “बाकी कुठं जायचं तिथं जा.”

त्यांचं म्हणणं नुसतं म्हातारपणाचं नव्हतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका जत्रेत ज्ञानेश्वर आकाशपाळण्यात बसला होता. पाळणा फिरायला लागला आणि खाली उभ्या अण्णांना आवाज खटकला. नीट बघितलं तर एका पाळण्याच्या खिट्टीच्या जागी नुसती तार पिळलेली. अण्णा हात पसरून इंजिनापुढं उभे राहिले. मालक शिव्या देत होता, माणसं ओरडत होती, पण पाळणा थांबला. मग सायकल दामटत ते कारखान्यात गेले, खिट्टी आणली, स्वतः ठोकली, आणि पोराला घेऊन घरी आले. त्यानंतर त्यांच्या घरातलं कुणी पाळण्यात बसलं नाही.

संस्कृतीला ही गोष्ट पाठ होती. ती रडली नाही की रुसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा ओसरीवर पडले होते, तर ती मोबाईल घेऊन त्यांच्याजवळ बसली आणि तिनं त्या कोस्टरचा व्हिडिओ लावला. अण्णांनी आधी तोंड फिरवलं. मग आवाज कानावर आला. साखळीचा खडखड आवाज, एका लयीत, चढाला लागलेला. अण्णा उठून बसले.

“थांब. मागं घे.”

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. गव्हाणीची साखळी ऊस वर ओढते तसाच, पण त्यात मधूनमधून एक टक्, टक् होतं. साखळी तुटली तरी डबा मागं घसरू नये म्हणून खाली दातेरी पट्टी असणार, असं ते आपल्याशीच म्हणाले. मग गाडी माथ्यावर गेली, कोसळली, आणि आख्खीच्या आख्खी उलटी झाली. माणसांचे पाय आभाळाकडं, डोकी जमिनीकडं. अण्णांचा हात नकळत खाटेच्या लोखंडी पाइपवर गेला.

त्या दिवशी त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला, मोबाईलची बॅटरी संपली तेव्हाच थांबले. त्यांना एकच उमजत नव्हतं. रुळावरचं चाक रुळावर बसतं ते वजनानं. उलटं झाल्यावर वजन तर खाली, मग चाकाला धरून ठेवतं कोण? संध्याकाळपर्यंत कोडं सुटेना. जेवताना एकदम घास ठेवून उठले, खाटेच्या पाइपला मूठ घातली आणि संस्कृतीला हाक मारली.

“हे बघ. ह्यो अंगठा वरनं. हे बोट बाजूनं. आन् हे खालनं. तिनी बाजूंनी चाकं असतील तरच हुईल. वरनं, बाजूनं, खालनं. पाइप मुठीतच हाय, सुटंल कसा?”

संस्कृतीनं शोधून चित्र काढलं. चाकांचा जुडगा अगदी तसाच होता, तीन बाजूंनी रुळाला कवळून धरलेला. अण्णांनी चष्मा पुसून ते चित्र पुन्हा पाहिलं. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी केलेली यंत्रं खोलली आणि जोडली होती. पण हे कुणीतरी आधी मनात धरलं असणार, नुसत्या हवेत, तेव्हा रूळही नव्हता न् चाकही नव्हतं, आणि मग त्यावर माणसं बसवली. त्या माणसाचा त्यांना हेवा वाटला नाही. त्याच्या पायांशी बसावं असं वाटलं.

तरीही ते हो म्हणाले नाहीत. एक अट उरली होती. कोस्टरला बसायला ठरावीक उंची लागायची, आणि संस्कृती त्या रेषेच्या अलीकडं आहे की पलीकडं हे घरात कुणालाच नक्की माहीत नव्हतं. अण्णांनी आपला जुना पोलादी टेप काढला. मनातून त्यांना वाटत होतं की पोरगी कमी भरावी. कमी भरली की कुणालाच वाईटपणा नको, यंदाचं मिटलं. त्यांनी तिला चौकटीला टाचा लावून उभं केलं, डोक्यावर काटकोनी गुण्या धरला, पेन्सिलीची रेघ मारली आणि टेप खाली सोडला.

संस्कृती डोळे मिटून उभी होती. मोनिका स्वयंपाकघराच्या दारात.

रेघ अटीच्या एक बोट वर होती. अण्णांनी टेप उचलून पुन्हा लावला. पुन्हा तेवढंच. तो आकडा फक्त त्यांना दिसत होता. कमी सांगितला असता तर कुणी तपासायला आलं नसतं. पण ज्या टेपनं त्यांनी आयुष्यभर रोलरमधलं अंतर मोजलं त्या टेपवरचा आकडा खोटा सांगणं त्यांच्या जिभेला जमलं नाही.

“बसती,” ते म्हणाले. “एक बोट जास्तीच हाय.” मग टेप गुंडाळत म्हणाले, “पर शेजारी मी बसनार. आन् आधी मी बघनार. मला पटलं न्हाई तर कुनीच न्हाई.”

मेच्या पहिल्या आठवड्यात भाड्याच्या गाडीनं सगळे निघाले. हडपसरचा मुक्काम झाला, छबूबाईंनी धपाट्यांचा डबा आणि मोनिकाचा निळा ड्रेस पिशवीत नीट ठेवला, आणि सकाळी पार्कच्या दरवाज्याशी पोचले तेव्हा तिथं शंभरेक माणसं आधीच उभी होती. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हटल्यावर धपाटे गाडीतच राहिले. छबूबाई तेवढ्यानं जरा हिरमुसल्या, मग बायकांच्या खोलीत जाऊन निळा ड्रेस घालून आल्या. ज्ञानेश्वरनं आईकडं बघितलं आणि चटकन दुसरीकडं बघू लागला.

अण्णांचं कशाकडंच लक्ष नव्हतं. डोंगराच्या अंगाला, झाडांच्या वर, तो रूळ उभा होता. मोबाईलच्या बोटभर पडद्यावर पाहिलेलं ते इथं आभाळात चढत गेलं होतं. कारखान्याच्या धुराड्यापुढं पहिल्यांदा उभे राहिले होते, अठरा वर्षांचे असताना, तेव्हा मान अशी मागं गेली होती. त्यानंतर आजच.

आणि त्या रुळावर गाडी धावत होती. तिच्यात एकही माणूस नव्हतं.

आत गेल्यावर अण्णा तडक तिथं गेले. कठड्यापाशी निळ्या डगल्यातला एक माणूस हात पुसत होता, कमरेला पाने. अण्णांनी त्याला विचारलं की मघाशी रिकामी का पळवली. तो माणूस आधी घाईत होता, पण समोरच्याच्या बोटांवरचे जुने व्रण बघून थांबला. त्याचं नाव सहादेव, अकोले तालुक्यातल्या डोंगरातला. त्यानं सांगितलं की रोज दिवस उगवताना ते चौघं रुळावरनं चालत जातात, खालपासून माथ्यापर्यंत, एकेक बोल्ट बघत. मग गाडी रिकामी फिरवतात, आवाज ऐकतात.

“कानानं?” अण्णांनी विचारलं.

“मशीन सांगतं सगळं, दादा. पण कान लागतोच.”

“आन् मग?”

“मग आम्ही बसतो. चौघं. पब्लिकच्या आधी, रोज.”

अण्णांनी मान हलवली. मग त्यांनी टोपी काढून छबूबाईंच्या हातात दिली आणि संस्कृतीचं बोट धरलं.

छातीवर लोखंडी दांडा येऊन बसला, सहादेवनं तो स्वतः ओढून बघितला. साखळी लागली. टक्, टक्, टक्. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. कुठंही खरखर नव्हती, कुठं लंगडा ठोका नव्हता. त्यांनी डोळे उघडले तेव्हा खाली झाडं गवतासारखी झाली होती. पुढं सह्याद्रीच्या रांगा उन्हात एकामागं एक उभ्या, आणि दूर कुठल्यातरी धरणाचं पाणी चकाकत होतं. एवढा देश एका जागी बसून त्यांनी कधी पाहिला नव्हता. साखळीचा आवाज थांबला. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, वाराही नाही.

मग गाडी कोसळली, आणि पहिल्यांदाच अण्णांचे कान बंद झाले. चाकं, रूळ, बेअरिंग सगळं डोक्यातून पुसलं गेलं. आभाळ पायाखाली आलं, डोंगर डोक्यावर. शेजारी नात किंचाळत होती की हसत होती, त्यांना कळलं नाही. आपल्याला वजन नाही एवढंच कळत होतं. साठावर वर्षं अंगावर वागवलेला देह कुणीतरी अलगद तळहातावर उचलून घेतला होता, आणि ती मूठ सुटत नव्हती.

खाली उतरल्यावर संस्कृती आईबापाला सांगत सुटली होती, एका वाक्यात तीनतीनदा ‘आणि मग’ म्हणत. अण्णा कठड्याला धरून उभे होते. छबूबाई जवळ आल्या. कसं वाटलं, असं त्यांनी विचारलंच नाही. नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हे तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

“काय बघून आलात, ते मला बी बघू द्या,” त्या म्हणाल्या.

अण्णा नको म्हणणार तोवर छबूबाईंनी ओढणी काढून त्यांच्या खांद्यावर टाकली, पिशवी हातात दिली, मंगळसूत्र ड्रेसच्या आत सरकवलं आणि सुनेबरोबर रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

अण्णा खाली उभे होते. साखळी लागली, गाडी चढू लागली. दुसऱ्या ओळीतला निळा ठिपका त्यांना माथ्यापर्यंत दिसत होता. तिथं गाडी थांबल्यासारखी झाली. मग तो निळा ठिपका सरळ खाली आला, वळला, उलटा होऊन आभाळाला टेकला आणि झाडांमागं गेला.

छबूबाई परत आल्या त्या केस मोकळे सुटलेले, डोळ्यांत पाणी, गालांवर लाली. बाकावर अण्णांच्या शेजारी बसल्या. संस्कृती पुढं कुठं जायचं ते वाचून दाखवत होती, ज्ञानेश्वर विचारत होता की आधी काही खायचं का. डोंगराच्या अंगानं वरून पुन्हा एक गाडी गेली, आणि अण्णा न् छबूबाई दोघांनीही एकदमच माना वर केल्या.