विळ्याला न भिणारं पिशाच्च

मागावरच्या धोट्यातली कांडी संपत आली होती. लाल सुताचे चारदोन वेढेच उरले होते, आणि तिकडे बघत केदारी विचार करीत होता, की पिशाच्च लोखंडाला भ्यालंच नाही तर?... शहापुरातल्या विणकरांचा जत्रेतला खेळ यंदा तोच रचत होता. बाळंतिणीचं रक्त पिणारं पिशाच्च येतं, शेवटी सासू विळा उगारते, ते पळतं. पण बेळगावात बोलपट आल्यापासून अशा पळणाऱ्या पिशाच्चाला लोक हसत. सकाळीच मारुतीराव – पिशाच्चाचं सोंग तेच घेणार होते – म्हणाले होते, "ते विळ्याला भिणं काढून टाक रं. कशालाच भ्यायचं न्हाय म्हटल्यावर लोकांची बोबडी वळंल बघ."

केदारीलाही ते पटलं होतं, पण बोबडी वळावी म्हणून... नव्हे, त्याचं कारण निराळं होतं, मारुतीरावांना सांगण्यासारखं नव्हतं. गेल्या साली त्याचं पहिलं पोर पाचवीलाच गेलं. पिशाच्च फिरकू नये म्हणून बाळंतिणीच्या उशाला विळा होता – त्यानेच ठेवला होता, जागचा हललाही नव्हता – तरी गल्लीतल्या बायका त्याच्या बायकोलाच बोल लावत राहिल्या, अंजनीने हलवला असणार, नाहीतर लोखंडापुढं काय टिकतं?... आणि अंजनी मान खाली घालून पाण्याला जाई, जणू खरंच हलवला होता. एकदा साऱ्यांनी बघावं, विळा समोर आहे आणि पिशाच्च हसतं आहे. मग कोण बोट दाखवील?

दुपारी जेवताना त्याने तिला ते सांगितलं. तिचे पुन्हा दिवस भरत आले होते. त्याला वाटलं, तिचा चेहरा उजळेल.

भाकरी वाढता वाढता ती थांबली. "म्हंजे त्येला कायबी लागू पडत न्हाय?"

"न्हाय."

"मग त्या बाळंतिणीनं काय करायचं वो?"

"अगं, तुझ्यासाठीच... बायका तुला बोलत्यात म्हणून –"

"बोलू द्या. माझ्या विळ्याला न्हाय भ्यालं ते. खेळातलं तरी भिऊ दे."

ती चुलीकडे वळली. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, पण हात चालेना. पिशाच्च विळ्याला भ्यालं तर अंजनी पुन्हा गुन्हेगार, न भ्यालं तर... पिशाच्चं त्याने कधी मानली नव्हती, चारचौघांत तसं बोलूनही दाखवलं होतं. आणि तरी त्याला आता आठवत होतं – उशाला विळा सारल्यावर, पोर जिवंत असताना, आपल्याला किती गाढ झोप लागली होती... ती झोप खोटी होती, असं मात्र त्याला म्हणवेना.